साक्षीदाराची बोली आणि न्यायाचा कान

न्यायालयांत उभा राहणारा साक्षीदार खरें सांगण्याची शपथ घेतो, आणि ती मोडल्यास तो शिक्षेस पात्र होतो. परंतु त्याचें बोलणें जे ऐकतात, लिहून घेतात व त्यावरून कोणाच्या आयुष्याचा निकाल लावतात, त्यांच्याकडून तें बरोबर समजून घेण्याची निराळी शपथ कोणी घेववीत नाहीं. दुभाष्याला बोलावण्याचा प्रसंग आला तर तो मात्र खरा अर्थ सांगण्यास कायद्यानें बांधलेला असतो; कारण तेथें भाषा परकी आहे हें सर्वांना उघड दिसत असतें. खरी अडचण तेथें येत नाहीं. बोलणारा आणि ऐकणारा एकच भाषा बोलत आहेत असें जेथें सर्वांस वाटतें, आणि प्रत्यक्षांत तसें नसतें, तेथें ती येते. परकी भाषा ऐकतांना आपणांस कांहीं कळलें नाहीं, हें निदान कळतें. आपल्याच भाषेच्या दुसऱ्या बोलींत चुकीचें कळलें तरी बरोबर कळलें असेंच वाटतें. अशा वेळीं सत्य सांगणारा मनुष्य खोटा ठरला तर दोष कोणाचा, आणि तो अनर्थ टाळण्याचें कर्तव्य कोणाचें, या प्रश्नाचा विचार आम्ही येथें करणार आहों.

शब्दापासून अर्थ कसा कळतो याची चर्चा आपल्याकडील नैयायिकांनीं फार बारकाईनें केली आहे. आकांक्षा, योग्यता व सन्निधि यांच्या जोडीला वक्त्याचें तात्पर्यही कळावें लागतें, हें पटवितांना सैंधव शब्दाचें उदाहरण देण्याची परंपरा आहे. जेवावयास बसलेल्या मनुष्यानें सैंधव मागितलें तर मीठ आणावयाचें, आणि प्रवासास निघालेल्यानें मागितलें तर घोडा. या उदाहरणांत सेवकाला प्रसंग डोळ्यांपुढें दिसत असतो, म्हणून तो चुकत नाहीं. न्यायालयांत मात्र प्रसंग होऊन महिने किंवा वर्षें लोटलेलीं असतात, व साक्षीदाराचा शब्द तेवढा हातीं उरतो. तो शब्द कोणत्या गांवचा, कोणत्या घरचा, हें ठाऊक नसेल तर घोड्याच्या जागीं मीठ येण्यास कितीसा वेळ लागणार?

आपल्या मराठीकडेच पाहावें. "त्यानें त्याला मारलें" या वाक्याचा अर्थ चार चापट्या दिल्या असाही होतो आणि जीव घेतला असाही होतो. "परवा" म्हणजे कालचा आदला दिवस, उद्यांच्या नंतरचा दिवस, आणि पुष्कळांच्या बोलण्यांत नुसतें थोड्या दिवसांपूर्वीं. नागपुराकडचा मनुष्य "तो मारून राहिला होता" असें म्हणतो तेव्हां मारण्याची क्रिया त्या क्षणीं चालू होती, एवढेंच त्याला सांगावयाचें असतें. तेंच वाक्य पुण्याच्या कानाला, मारून झाल्यावर तो तेथेंच थांबला, असें ऐकूं येण्याचा संभव आहे. घरांतून बाहेर पडतांना आपण सारेच "येतों" म्हणतों, आणि चुलतभावालाही निःसंकोच भाऊ म्हणतों. गप्पागोष्टींत या शब्दांनीं कोणाचें नुकसान होत नाहीं. कारण शंका आली कीं आपण विचारतों. उलटतपासणींत मात्र साक्षीदारानें विचारावयाचें नसतें, उत्तर तेवढें द्यावयाचें असतें.

ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड राज्यांत या प्रश्नाची कसोटी प्रत्यक्ष खटल्यांतून लागलेली आहे. तेथील बहुतेक आदिवासी लोक आज इंग्रजी बोलतात. पण ती इंग्रजी त्यांच्या पूर्वजांच्या भाषांच्या व रीतिभातींच्या मुशींतून निघालेली आहे. शब्द गोऱ्यांचे, परंतु अर्थ व संभाषणाचे नियम पुष्कळ वेळां निराळे. प्रमाण इंग्रजींत ज्या "किल" शब्दाचा अर्थ ठार मारणें असा होतो, तो कित्येक आदिवासींच्या बोलींत नुसतें मारणें, इजा करणें या अर्थानेंही येतो. आपल्या "मारणें" या शब्दासारखीच त्याची गत आहे. आईच्या बहिणीलाही आईच म्हणण्याची चाल आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, अधिकारी मनुष्यानें प्रश्नांची सरबत्ती केली असतां, प्रश्न कळो न कळो, पटो न पटो, "होय" म्हणून मोकळें होण्याची संवय त्यांच्यांत आढळते. मोठ्याशीं वाद न वाढवितां होकार द्यावा, ही त्यांची सभ्यता. न्यायालय तिला कबुली समजतें. उलटपक्षीं, प्रश्नानंतर कांहीं वेळ गप्प राहणें हें त्यांच्यांत विचारीपणाचें लक्षण. न्यायालयाला त्यांत लबाडी दिसते.

या गोष्टी न्यायासनाला अगदींच अज्ञात होत्या असें नव्हे. १९७६ सालीं नॉर्दर्न टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति फॉर्स्टर यांनीं आनुंगा-खटल्यांत पोलिसांच्या चौकशीसाठीं नियम घालून दिले. आदिवासी आरोपीस इंग्रजी नीट येत नसेल तर दुभाष्या द्यावा, सोबतीला त्याच्या विश्वासाचा मनुष्य असावा, आणि गप्प राहण्याचा हक्क त्याला समजला कीं नाहीं हें त्याच्याच शब्दांत वदवून घ्यावें, असे ते नियम आहेत. "समजलें का?" या प्रश्नास "होय" हें उत्तर पुरेसें नाहीं, हें त्यांचें सार.

तथापि नियम झाले म्हणून कान बदलतात असें नाहीं. १९८३ सालीं माऊंट आयझा येथें एका स्त्रीचा खून झाला, आणि पुढल्या वर्षीं कॉन्ड्रेन नांवाच्या आदिवासी तरुणाला त्याबद्दल जन्मठेप झाली. पुराव्याचा मुख्य भाग म्हणजे पोलिसांनीं प्रश्नोत्तरांच्या रूपानें टंकलिखित केलेला कबुलीजबाब होता. तीं उत्तरें आपलीं नव्हेत, असें आरोपीचें म्हणणें. डायना ईड्स या भाषाशास्त्रज्ञ बाईंनीं तो जबाब आणि आरोपीचें इतर प्रसंगींचें बोलणें ताडून पाहिलें, व जबाबांतील उत्तरांची घडण आदिवासी इंग्रजीच्या वळणाशीं जुळत नाहीं असें मत दिलें. १९८७ सालीं अपील-न्यायालयानें ही साक्ष स्वीकारली नाहीं. पुढें अन्य पुराव्यांमुळें प्रकरण पुन्हां उघडलें गेलें आणि १९९० सालीं कॉन्ड्रेन सुटला; तोंवर त्याच्या आयुष्याचीं जवळजवळ सात वर्षें कैदेंत गेलीं होतीं.

त्याच राज्यांत १९८८ सालीं एका आदिवासी स्त्रीला, सोबत राहणाऱ्या पुरुषाच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. त्या पुरुषानें तिचा केलेला छळ खटल्यांत पुढें आलाच नाहीं. तिच्या वकिलांची विचारण्याची रीत आणि तिची सांगण्याची रीत यांचा मेळ बसला नाहीं, व तिची हकीगत तिच्यापाशींच राहिली. १९९३ सालीं अपील-न्यायालयानें तिची शिक्षा रद्द केली. या वेळीं ईड्सबाईंचें विवेचन न्यायालयापुढें होतें. आणि वकील व अशील यांच्यांत मनमोकळें बोलणें होऊं न शकण्याच्या कारणांत तिचें आदिवासी असणें हें एक कारण न्यायालयानें मान्य केलें. सहा वर्षांच्या अंतरानें एकाच ज्ञानाला न्यायालयाचें दार एकदां बंद झालें व एकदां उघडलें.

अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या बोलीची कथा अशीच आहे. या बोलीला स्वतःचें नियमबद्ध व्याकरण आहे, ती अडाणीपणानें बिघडलेली इंग्रजी नव्हे, हें भाषाशास्त्रज्ञांनीं गेल्या साठ वर्षांत पुरतें दाखवून दिलें आहे. जॉन रिकफर्ड यांनीं १९७५ सालीं प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग येथें सांगण्यासारखा आहे. "शी बिन मॅरिड" हें वाक्य, "बिन" या शब्दावर जोर देऊन, त्यांनीं लोकांपुढें ठेविलें आणि विचारलें कीं, ती स्त्री अद्याप विवाहित आहे काय? पंचवीस कृष्णवर्णीयांपैकीं २३ जणांनीं होय म्हटलें. पंचवीस गोऱ्यांपैकीं अवघ्या ८ जणांनीं. कृष्णवर्णीयांच्या बोलींत जोर दिलेला तो शब्द, गोष्ट फार पूर्वीं सुरू होऊन आजही चालू आहे, असें सांगतो. गोऱ्या कानाला ती गोष्ट संपलेली वाटते. "कधींपासून" आणि "अद्याप आहे काय" या दोन मुद्द्यांवर कित्येक खटले फिरतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे या प्रयोगाचें गांभीर्य कळेल.

न्यायालयांत बोललेलें जे लिहून घेतात, त्यांची परीक्षा २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत झाली. फिलाडेल्फियाच्या न्यायालयांतील २७ लघुलेखकांना या बोलींतील ८३ ध्वनिमुद्रित वाक्यें ऐकवून लिहावयास सांगितलीं. प्रमाणपत्र मिळविण्यास शेंकडा ९५ अचूकता लागते. या वाक्यांत शब्दांच्या हिशेबानें अचूकता शेंकडा ८२.९ भरली, आणि वाक्यांच्या हिशेबानें शेंकडा ५९.५. शेंकडा ३१ लेखनांत कोणीं, काय, केव्हां, कोठें यांपैकीं कांहीं तरी बदलून गेलें होतें. हे लेखक आपल्या कामांत वाकबगार होते. त्यांचें शिक्षण एका बोलीचें झालें होतें आणि साक्षीदार दुसरी बोलत होते, एवढाच त्यांचा दोष.

त्याआधीं दोन वर्षें लुईझियाना राज्यांत एक विलक्षण प्रकरण निकालांत निघालें. पोलिसांच्या चौकशींत एका संशयितानें, तुम्हांला मीच केलें असें वाटत असेल तर मला वकील द्या, अशा अर्थाचें वाक्य उच्चारलें, व वकील या शब्दानंतर "डॉग" हें संबोधन जोडलें. त्या बोलींत तें "दोस्ता" अशा अर्थानें येतें. पुढें राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्ज नाकारला. आणि एका न्यायमूर्तींनीं आपल्या स्वतंत्र मतांत, "लॉयर डॉग" असा संदिग्ध उल्लेख म्हणजे वकिलाची स्पष्ट मागणी नव्हे, असें नमूद केलें. वाक्याची सुरुवात "जर" या शब्दानें होते, हीही शंका तेथें होती, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु आपल्याकडे एखाद्यानें "मला एक वकील द्या राव" असें म्हटलें, आणि त्यानें राव आडनांवाचा वकील मागितला कीं काय अशी शंका काढून कोणीं त्याची विनंती बाजूस सारली, तर आपण काय म्हणूं, याचा विचार वाचकांनींच करावा.

आतां तज्ज्ञांना विरोध करणाऱ्यांचें म्हणणें पाहूं. पहिला आक्षेप असा कीं, रोजचें बोलणें समजण्यास तज्ज्ञ कशाला? न्यायाधीश हेही संसारीं मनुष्य आहेत. त्यांचें व्यवहारज्ञान पुरेसें आहे. हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु व्यवहारज्ञान ज्या ठिकाणीं फसतें त्या ठिकाणीं तें आपण फसलों असें सांगत नाहीं, हीच तर अडचण. शिवाय आपल्या कायद्यानें ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली आहे. १८७२ च्या पुरावा-कायद्याच्या ९८ व्या कलमानें, दस्तऐवजांतील परकीय, अप्रचलित, तांत्रिक, स्थानिक व प्रांतिक शब्दांचा अर्थ दाखविण्यासाठीं पुरावा देण्यास मोकळीक दिली. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमांत तीच तरतूद १०१ व्या कलमांत आहे. कागदावरच्या प्रांतिक शब्दासाठीं जो विवेक कायदा दाखवितो, तो तोंडच्या प्रांतिक शब्दासाठीं का दाखवूं नये? ज्याला लिहितां येतें त्याच्या शब्दाला अर्थ विचारण्याचा मान मिळावा, आणि ज्याच्याजवळ बोलण्याखेरीज कांहींच नाहीं त्याच्या शब्दाला मिळूं नये, यांत न्याय नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, गुन्हेगार बोलीच्या आडोशास लपतील. सांपडलेला प्रत्येक जण "माझ्या शब्दाचा अर्थ तसा नव्हता" असें म्हणूं लागेल. म्हणूं लागेल हें खरें. परंतु म्हटल्यानें तें सिद्ध होत नाहीं. बोलीचे नियम कोणा एकाच्या लहरीवर नसतात. त्या बोलीचे हजारों लोक ते पाळत असतात, आणि म्हणूनच तज्ज्ञाला ते तपासतां येतात. १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें दूरध्वनीवरून विमानांत बाँब ठेविल्याच्या धमक्या आल्या, व एका कर्मचाऱ्यावर आळ आला. आवाजांतील वळण पूर्वेकडचें आहे आणि आरोपीही पूर्वेकडचा आहे, एवढ्यावर लोकांनीं त्याला ओळखलें होतें. विल्यम लाबोव्ह यांनीं दाखवून दिलें कीं धमकी देणाराचे उच्चार बोस्टनच्या बाजूचे आहेत आणि आरोपीचे न्यूयॉर्कचे. आणि तो निर्दोष सुटला. उच्चार जुळले असते तर तेंच शास्त्र त्याच्या विरुद्ध गेलें असतें. जें दोन्ही बाजूंना कापूं शकतें त्याला आडोसा म्हणतां येत नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो मनुष्याच्या प्रतिष्ठेचा आहे. तज्ज्ञ जेव्हां सांगतो कीं या समाजाचे लोक न समजतांही होय म्हणतात, तेव्हां तो त्या समाजांतील प्रत्येकाच्या होकाराची किंमत कमी करीत नाहीं काय? ज्याला खरोखरच होय म्हणावयाचें आहे त्याचें काय? आपल्यापुढें उभा असलेला मनुष्य हा एका जमातीचा नमुना नव्हे. तो स्वतः कोणी तरी आहे. तज्ज्ञाच्या वर्णनांत तो दिसेनासा होण्याचा धोका आहे, हें आम्हांस कबूल आहे. आणखी असें कीं, ज्ञान नुसतें उपलब्ध असल्यानें दुबळ्याचें रक्षण होतेंच असें नाहीं. ईड्सबाईंनीं वकिलांसाठीं लिहिलेली पुस्तिका १९९२ सालीं क्वीन्सलंडमध्यें प्रसिद्ध झाली. १९९४ च्या मे महिन्यांत ब्रिस्बेन शहरांत बारा, तेरा व चौदा वर्षांच्या तीन आदिवासी मुलांना सहा पोलिसांनीं गाडींत घालून सुमारें चौदा किलोमीटरांवरील पिंकेनबा येथें रात्रीं सोडून दिलें. पुढल्या वर्षींच्या सुनावणींत पोलिसांच्या वकिलांनीं प्रश्नांचा भडिमार करून, आपण राजीखुशीनें गाडींत बसलों अशा अर्थाचे होकार त्या मुलांकडून मिळविले, आणि पोलिसांवरील आरोप दंडाधिकाऱ्यांनीं काढून टाकले. मुलें होय म्हणतात हें ज्ञान त्या वेळीं पुस्तकरूपानें जगापुढें होतें. तें मुलांच्या उपयोगीं पडलें नाहीं.

या आक्षेपाचें उत्तर तज्ज्ञाचें काम नेमकें काय हें ठरविण्यांत आहे. साक्षीदाराच्या मनांत काय होतें हें सांगण्याचा अधिकार तज्ज्ञाला नाहीं. तो साक्षीदारालाच आहे. तज्ज्ञानें इतकेंच सांगावयाचें कीं, येथें दुसरा अर्थ संभवतो, येथें होकाराचा अर्थ निश्चित नाहीं, येथें मौनाला अनेक अर्थ आहेत. शंका उत्पन्न करणें त्याचें काम. तिचें निरसन साक्षीदाराला पुन्हां, मोकळ्या प्रश्नानें, वेळ देऊन विचारल्यानेंच व्हावयाचें. असें केलें म्हणजे तज्ज्ञ मनुष्याला झांकीत नाहीं, उलट त्याचें बोलणें पुरें होण्यास अवसर मिळवून देतो. नॉर्दर्न टेरिटरीचे न्यायमूर्ति मिल्ड्रेन यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सूचना याच विचाराच्या आहेत. आदिवासी साक्षीदाराचें मौन, दृष्टि टाळणें किंवा झटपट होकार यांवरून घाईनें अनुमान काढूं नये, असें न्यायाधीश पंचांना बजावून ठेवतात. निर्णय पंचांचाच राहतो.

आपल्या न्यायालयांचा विचार केला तर काय दिसतें? १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३११ व्या कलमाप्रमाणें सत्र-न्यायालयांत साक्ष सामान्यतः कथनरूपानें लिहिली जाते. प्रश्न व उत्तर जसेंच्या तसें लिहिणें न्यायाधीशाच्या मर्जीवर आहे. जुन्या संहितेंतही असेंच होतें. म्हणजे बागलाणच्या अहिराणी बोलणाऱ्या शेतकऱ्याचें किंवा मालवणच्या मासे विकणाऱ्या बाईचें वाक्य प्रथम प्रमाण मराठीच्या सांच्यांतून जातें, आणि प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें कीं तेथून इंग्रजीच्या. शेवटीं ज्या शब्दांवर वाद होतो ते शब्द साक्षीदारानें उच्चारलेलेच नसतात. ३१३ व्या कलमानें साक्ष वाचून दाखविण्याची व दुरुस्त करण्याची सोय केली आहे; परंतु ज्याला ती लिहिलेली भाषाच मोठी वाटते तो काळ्या कोटापुढें "होय साहेब, बरोबर आहे" यापलीकडे काय म्हणणार? क्वीन्सलंडच्या आदिवासींचा होकार आपणांस चमत्कारिक वाटूं नये. तो आपल्या तालुक्याच्या कचेरींत रोज ऐकूं येतो.

प्रत्येक तालुक्याला भाषाशास्त्रज्ञ नेमा, असें आम्ही म्हणत नाहीं. तें शक्य नाहीं आणि बहुधा आवश्यकही नाहीं. ज्या शब्दावर गुन्ह्याचें स्वरूप, वेळ किंवा नातें अवलंबून आहे तो शब्द साक्षीदाराच्याच तोंडचा, त्याच्याच बोलींत लिहून ठेवावा, "मारलें म्हणजे काय केलें, तें सांग" असें विचारावें, आणि साक्ष वाचून दाखविल्यावर "बरोबर आहे ना?" असें न विचारतां "तूं काय सांगितलेंस तें पुन्हां सांग" असें म्हणावें. यांस खर्च नाहीं, थोडा वेळ व बराच धीर मात्र लागतो. एवढें करूनही संशय उरला तर तज्ज्ञाला बोलवावें; २०२३ च्या अधिनियमाच्या ३९ व्या कलमांत शास्त्र व कला यांच्या जोडीला अन्य क्षेत्रांतील तज्ज्ञांच्या मतालाही जागा आहे. साधनांची वाणही नाहीं. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ सालीं निघाला, डॉ. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे ग्रंथ १९६३ पासून निघूं लागले. हे ग्रंथ भाषेच्या अभ्यासकांपुरते नाहींत. न्याय देणाऱ्याच्या टेबलावरही त्यांना जागा असावी.

राहतां राहिला मूळ प्रश्न. सत्य सांगण्याचें कर्तव्य साक्षीदाराचें आहे, यांत वाद नाहीं. परंतु तें दुसऱ्याच्या बोलींत सांगण्याचें कर्तव्यही त्याच्याच माथीं मारलें, तर ज्याच्या घरीं प्रमाण भाषा बोलली जाते त्याला सत्य सोपें आणि ज्याच्या घरीं बोलली जात नाहीं त्याला तें महाग, असा प्रकार होतो. शपथ दोघांना एकच असतां तिचा भार दोघांवर सारखा पडत नाहीं. राज्य ज्याला हुकमानें बोलावतें व बोलावयास लावतें, त्याचें बोलणें समजून घेण्याचा श्रमही राज्यानेंच केला पाहिजे. आणि तो श्रम करण्यास पहिली गरज तज्ज्ञाची नसून, आपल्याला कदाचित् कळलें नसेल, एवढें मनांत आणण्याची आहे. हें मनांत न आणल्यामुळें जे तुरुंगांत गेले, त्यांचीं वर्षें कोणताही निकाल परत देऊं शकला नाहीं.